वाढते लॉग आणि पुसण्याची घाई

रिमोट डेस्कटॉप सर्व्हरचा सी ड्राइव्ह भरला की एक उपाय सर्रास सांगितला जातो: लॉग उडवा. एएमसीवरचा, म्हणजे वार्षिक देखभाल करारावरचा, तंत्रज्ञ एक बॅच फाइल लिहून ठेवतो. ती दर रविवारी रात्री आपोआप चालते, ‘डॉट लॉग’ असे शेपूट असलेली दिसेल ती फाइल पुसते, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदी रिकाम्या करते, आणि सोमवारी सकाळी ड्राइव्हची लाल पट्टी पुन्हा निळी झालेली असते. याला देखभाल म्हटले जाते आणि तिचे बिलही लागते. या उपायाच्या मुळाशी तीन समजुती आहेत. लॉग म्हणजे साचलेला कचरा. लॉग वाढणे हाच बिघाड. आणि जागा मोकळी झाली की बिघाड मिटला. यांतली एकही खरी नाही, आणि तिसरीने तर कार्यालयांचे प्रत्यक्ष नुकसान होते.

साध्या संगणकापेक्षा रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर हा प्रश्न लवकर येतो, त्याला कारण आहे. एकाच विंडोज सर्व्हरवर दहा, वीस, पन्नास माणसे एकाच वेळी काम करतात. पुण्या-मुंबईच्या सीए ऑफिसांत किंवा इचलकरंजीच्या व्यापारी पेढ्यांत असा सर्व्हर बऱ्याचदा टॅलीसाठी घेतलेला असतो: टॅली एका जागी, माणसे शाखेत, गोदामात किंवा घरी. प्रत्येकाचे सेशन वेगळे, प्रोफाइल वेगळे, टेम्प फोल्डर वेगळे. ब्राउझर, प्रिंटरचा ड्रायव्हर, पीडीएफ वाचणारे सॉफ्टवेअर यांची घरच्या संगणकावर एकेक नोंदवही असते. इथे ती माणशी एक होते. ५० एमबीची नोंदवही २५ युजर्सनी गुणली की सव्वा जीबी होते. त्यात बरेच जण लॉग ऑफ न करता खिडकीची फुली दाबून निघून जातात. मग सेशन तुटते पण संपत नाही, आणि त्यातले प्रोग्रॅम रात्रभर लिहीत राहतात. युजर्सची प्रोफाइल मुद्दाम दुसरीकडे हलवलेली नसतील, तर हे सगळे सी ड्राइव्हवरच साचते.

जागा संपल्यावर होणारे हालही खरे आहेत. प्रोफाइल उघडायला जागा नसली की विंडोज युजरला तात्पुरते प्रोफाइल देते. डेस्कटॉप कोरा दिसतो, ठेवलेल्या फायली गायब वाटतात, आणि त्या तात्पुरत्या डेस्कटॉपवर दिवसभर जे जतन केले ते लॉग ऑफ करताच नाहीसे होते. जीएसटीच्या विवरणाची शेवटची तारीख असताना हे घडले तर माणसे रडकुंडीला येतात. तेव्हा ‘आधी जागा करा’ म्हणणाऱ्याची निकड कुणी नाकारत नाही. वाद आहे तो पुसले काय जाते आणि जागा खाल्ली कुणी, याबद्दल.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदींपासून सुरुवात करता येईल, कारण बॅच फाइलचा पहिला घाव तिथेच पडतो. विंडोज सर्व्हरमध्ये ॲप्लिकेशन, सिस्टिम आणि सिक्युरिटी हे तीन मुख्य लॉग. प्रत्येकाची मूळ मर्यादा २० एमबी. मर्यादा भरली की सर्वांत जुनी नोंद जाते आणि तिच्या जागी नवी येते. म्हणजे मुळात सर्व्हर जसा बसवला तसा असेल, तर हे लॉग वाढूच शकत नाहीत. तिन्ही रिकामे केले तर फार तर ६० एमबी जागा मिळते. बाकीचे लहानसहान इव्हेंट लॉग धरले तरी हिशोब एखाद-दोनशे एमबीच्या पुढे सहसा जात नाही. शंभर जीबीचा ड्राइव्ह भरला असताना ही मोकळीक म्हणजे काहीच नाही, आणि तिच्या बदल्यात सर्व्हरवर काय घडले याचा एकमेव पुरावा गेला. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असाच हा प्रकार.

जागा खाणारे वेगळेच असतात. त्यांतले एक उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण लॉग ‘का’ वाढतो हे न विचारण्याची किंमत त्यात स्पष्ट दिसते. विंडोजचे अपडेट बसवणारी यंत्रणा आपले काम ‘सीबीएस.लॉग’ या फाइलीत लिहिते. फाइल मोठी झाली की तिचे नाव बदलून ‘सीबीएसपर्सिस्ट’ आणि पुढे तारीख-वेळ असे होते, आणि ‘मेककॅब’ नावाचा प्रोग्रॅम तिला दाबून लहान करतो. हा मेककॅब जुना आहे. दोन जीबीपेक्षा मोठी फाइल त्याला झेपत नाही. तेवढी फाइल समोर आली की तो काम सुरू करतो, विंडोजच्या टेम्प फोल्डरात ‘कॅब’ आणि आकडे अशा नावाचा शंभरेक एमबीचा तुकडा टाकतो आणि मध्येच कोसळतो. मूळ फाइल जागच्या जागी राहते. काही वेळाने यंत्रणा पुन्हा तेच करते. आणखी एक तुकडा पडतो. दिवसांमागून दिवस हेच चालते आणि टेम्प फोल्डर कित्येक जीबींनी फुगतो. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ सांभाळलेल्या माणसांना हा अनुभव चांगला परिचयाचा आहे.

बॅच फाइल इथे काय करते? तुकड्यांच्या नावाला ‘डॉट लॉग’ हे शेपूट नसते, त्यामुळे लॉग पुसणारी ओळ त्यांना हात लावत नाही. टेम्प रिकामा करणारी ओळ तुकडे उडवते, पण दोन जीबीची मूळ फाइल तशीच राहते आणि तुकडे पुन्हा पडू लागतात. दोन्ही ओळी असल्या आणि फाइल त्या क्षणी कुणी धरून ठेवलेली नसली, तर चक्र थांबते खरे. ते थांबवण्याची सरळ रीतही तशीच आहे: ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ ही सेवा थांबवायची, ती मोठी फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवायची, तुकडे पुसायचे, सेवा पुन्हा सुरू करायची. फरक ‘हलवायची’ या एका शब्दात आहे. अपडेटची नोंदवही दोन जीबीपर्यंत गेली, म्हणजे अपडेट पुन्हा पुन्हा फसत असण्याचा संशय घ्यायला हवा, आणि फसण्याचे कारण त्याच नोंदवहीत लिहिलेले असते. ती पुसली की ड्राइव्ह हलका होतो आणि अपडेट न बसलेला सर्व्हर तसाच चालू राहतो. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाने ओळखली गेलेली त्रुटी जाहीर झाली. ती विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतल्या रिमोट डेस्कटॉप सेवेतच होती, सर्व्हर २००८ आर२ त्यांत होता, आणि पासवर्ड न देताही तिच्यातून आत शिरता येत होते. अशा वेळी अपडेट फसल्याची नोंद वाचलेला सर्व्हर आणि ती नोंद पुसून टाकलेला सर्व्हर यांचे भवितव्य एक राहत नाही.

जागा खाणारा दुसरा मोठा घटक म्हणजे आयआयएस, हा विंडोजचा वेब सर्व्हर. घरून जोडणाऱ्यांसाठी रिमोट डेस्कटॉप गेटवे किंवा वेब ॲक्सेस बसवले की त्यांच्यासोबत आयआयएस येतेच. ते रोज एक नवी लॉग फाइल उघडते आणि जुनी एकही स्वतःहून काढत नाही. तीन वर्षे चाललेल्या गेटवेवर हजारभर फायली पडलेल्या असणे अगदी स्वाभाविक आहे. या फायली वयानुसार काढायलाच हव्यात, याबद्दल दुमत नाही. एखादा प्रोग्रॅम कोसळल्यावर उरणारे डंप आणि युजर्सच्या टेम्प फोल्डरांतला पसारा हेही याच जातीचे. त्यांच्यासाठी वेगळा युक्तिवाद लागत नाही.

आता पुसण्यात जाते काय, ते पाहू. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाची नोंद म्हणजे फसलेला प्रवेश. एक नोंद उघडली की तारीख-वेळ दिसते, कोणत्या नावाने प्रयत्न झाला ते दिसते, बहुधा कोणत्या आयपी पत्त्यावरून झाला तेही दिसते. खाली एक उप-स्थिती संकेत असतो: शेवट ६४ ने होत असेल तर त्या नावाचा युजरच सर्व्हरवर नाही, ६ए ने होत असेल तर नाव खरे आहे, पासवर्ड चुकला आहे. या दोन संकेतांतला फरक फार बोलका आहे. ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘स्कॅनर’, ‘युजर१’ अशा नावांनी ६४ च्या शेकडो नोंदी आल्या, तर कुणीतरी अंधारात दगड मारत आहे. त्यांच्या जागी कार्यालयातल्या खऱ्या माणसांच्या नावांनी ६ए च्या नोंदी येऊ लागल्या, तर दगड मारणाऱ्याच्या हाती नावांची यादी लागली आहे. अशा शेकडो फसलेल्या नोंदींपाठोपाठ त्याच पत्त्यावरून ४६२४, म्हणजे सफल प्रवेश, दिसला तर वाट पाहायला वेळ उरलेला नसतो. एक बारकावा इथे नवख्याला चकवतो: प्रवेशाआधीच ओळख पटवण्याची सोय, म्हणजे एनएलए, चालू असेल तर रिमोट डेस्कटॉपवरचा फसलेला प्रयत्नही प्रकार १० (रिमोट प्रवेश) ऐवजी प्रकार ३ (नेटवर्क प्रवेश) म्हणून नोंदला जातो. प्रकार १० च्या नोंदी नाहीत म्हणून कुणी हल्ला केलाच नाही, असा निष्कर्ष त्यामुळे चुकतो.

आणि याच नोंदींना मूळची २० एमबीची मर्यादा किती अपुरी आहे, ते साध्या हिशोबाने कळते. एक नोंद सरासरी पाऊण ते एक केबी धरली तर २० एमबीत वीस ते सत्तावीस हजार नोंदी मावतात. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे असेल आणि एखादा आपोआप चालणारा प्रोग्रॅम सेकंदाला एक पासवर्ड आजमावत असेल, तर दिवसाला ८६,४०० नोंदी होतात. लॉग सहा-सात तासांत एक पूर्ण फेरी मारतो. सकाळी दहाला कार्यालय उघडते तेव्हा सर्वांत जुनी नोंद पहाटे तीन-चारची असते. रात्री अकराला कुणी आत शिरले असेल तर त्याचा मागमूस उरलेला नसतो. म्हणजे या लॉगबाबत तक्रार करायचीच तर तो फार मोठा झाल्याची करता येत नाही. तो फार लहान आहे. इथे मर्यादा वाढवावी लागते, आणि ‘लॉग वाढले म्हणून पुसा’ हा सल्ला नेमका उलट्या दिशेला नेतो.

शिवाय पुसण्याचीही नोंद होते. सिक्युरिटी लॉग रिकामा केला की कोऱ्या लॉगमध्ये पहिली नोंद ११०२ क्रमांकाची पडते: लॉग पुसला गेला, अमुक युजरने पुसला. विंडोजने ही तरतूद विचारपूर्वक केली आहे, कारण शिरलेला माणूस जाताना हेच करतो. जून २०१७ मध्ये युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने संगणक निकामी करण्याआधी सेटअप, सिस्टिम, सिक्युरिटी आणि ॲप्लिकेशन हे चारही लॉग रिकामे करण्याची आज्ञा दिली होती, आणि ती आज्ञा विंडोजसोबतच येणाऱ्या ‘वेव्हटयुटिल’चीच होती. रविवारची बॅच फाइलही तेच साधन वापरते. त्या हल्ल्याची झळ महाराष्ट्रालाही बसली. मर्स्क समूहाचे न्हावा-शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले टर्मिनल त्यात ठप्प झाले होते. जिथे ११०२ ची नोंद वर्षातून एकदाही पडत नाही, तिथे ती पडताच धोक्याची घंटा वाजते. जिथे ती दर रविवारी पडते, तिथे खऱ्या चोराने रविवारीच लॉग पुसला तर कुणाच्या लक्षात यावे?

त्याहून थेट धोका ‘डॉट लॉग’ या शेपटात आहे. नावात लॉग असलेली प्रत्येक फाइल नोंदवही नसते. विंडोजच्या पोटात वापरला जाणारा एक डेटाबेस आपले व्यवहार आधी ‘ईडीबी.लॉग’ अशा फाइलीत लिहितो आणि मग मुख्य फाइलीत उतरवतो. वीज गेली, सर्व्हर अचानक बंद पडला, तर मुख्य फाइल अर्धवट राहते आणि ती सावरायला हीच फाइल लागते. रिमोट डेस्कटॉपचे परवाने सांभाळणारी लायसेन्सिंग सेवा तिच्या ‘एलसर्व्हर’ फोल्डरात हाच डेटाबेस वापरते. सेवा चालू असते तोवर फाइल धरून ठेवलेली असते, त्यामुळे बॅच फाइल तिला पुसू शकत नाही, आणि तंत्रज्ञाला वाटते की आपला उपाय निर्धोक आहे. मग एके दिवशी वीज जाते, सर्व्हर उठतो पण ती सेवा उठत नाही, त्याच वेळी कुणीतरी हाताने ‘डॉट लॉग’ पुसण्याची आज्ञा चालवतो, आणि परवान्यांचा डेटाबेस सावरण्याचे साधन जाते. पुढे विकत घेतलेले परवाने पुन्हा नोंदवण्याची उठाठेव करावी लागते. विंडोज अपडेटच्या साठ्यातही अशाच व्यवहार-फायली असतात. नोंदवही आणि व्यवहार-वही यांत फरक न करणारी आज्ञा सर्व्हरवर असूच नये.

‘हे लॉग वाचतो कोण?’ हा प्रतिपक्षाचा सर्वांत आवडता प्रश्न आहे. पोलीस ठाण्यातली स्टेशन डायरी तरी रोज कोण वाचतो? तलाठ्याकडची फेरफार नोंदवही भांडण लागेपर्यंत कपाटातच असते. नोंद वाचण्यासाठी रोज उघडावी लागत नाही. लागेल त्या दिवशी ती जागेवर असावी लागते. रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर तो दिवस बहुधा हिशोबाच्या वादातून उगवतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. एखादे व्हाउचर रात्री पावणेबाराला बदलले गेले, हे ती नोंद सांगते. पण टॅलीत तीन माणसे एकच युजरनाव वापरत असतील, आणि छोट्या कार्यालयांत ती वापरतात, तर बदलणारा कोण हे तिच्यातून कळत नाही. ते सांगू शकतो सर्व्हरचा सेशन लॉग. स्थानिक सेशन सांभाळणाऱ्या सेवेच्या नोंदींत २१ म्हणजे प्रवेश, २३ म्हणजे लॉग ऑफ, २४ म्हणजे जोडणी तुटली, २५ म्हणजे पुन्हा जोडली. प्रवेशाच्या नोंदीत विंडोजचे युजरनाव आणि पत्ता दोन्ही असतात. पावणेबाराला कुणाचे सेशन जागे होते, हे तिथे ओळीने मिळते. या लॉगची मूळ मर्यादा जेमतेम एक एमबी आहे. निरपराध कारकुनावर आळ येऊ नये यासाठी लागणारा कागद एवढ्याशा जागेत राहतो, आणि तोच दर रविवारी पुसला जातो. याला जागेची बचत म्हणवत नाही.

पुसण्याऐवजी ‘मोठी डिस्क लावा’ म्हणणाऱ्यांचा पक्ष वरवर उदार वाटतो. डिस्क स्वस्त झाली आहे हेही खरे. पण मेककॅबच्या चक्रासारखे कारण चालू असेल तर २५६ जीबी काय आणि एक टीबी काय, भरण्याची तारीख तेवढी पुढे जाते. मधल्या काळात बॅकअप फुगतो, तो वेळेत संपत नाही, आणि एक दिवस बॅकअप बंद असल्याचे लक्षात येते. कारण शोधल्यानंतर डिस्क वाढवणे योग्य. शोधण्याऐवजी वाढवणे नव्हे.

‘नोंद ठेवणेच बंद करा’ या तिसऱ्या पक्षात मात्र एक कण सत्य आहे आणि तो मान्य करायला हवा. विंडोजमध्ये कशाची नोंद ठेवायची ते उपप्रकारानुसार ठरवता येते. कुणीतरी उत्साहाने सगळे उपप्रकार चालू केलेले असतात, आणि मग फायरवॉलने परवानगी दिलेल्या प्रत्येक जोडणीमागे ५१५६ क्रमांकाची एक नोंद पडू लागते. पंचवीस माणसे ब्राउझर उघडून बसलेल्या सर्व्हरवर या नोंदींचा पूर येतो आणि त्यात ४६२५ वाहून जाते. हा उपप्रकार विशिष्ट तपास चालू नसेल तर बंदच असावा. प्रत्येक फाइल उघडल्याची नोंदही सरसकट सर्व फोल्डरांवर नको. हिशोबाच्या डेटाच्या फोल्डरापुरती पुरते. गोंगाट कमी केला की लॉग हळू वाढतो आणि वाचताही येतो. पण प्रवेश, फसलेला प्रवेश, युजर तयार करणे, गटात टाकणे, धोरण बदलणे यांच्या नोंदी जागेसाठी बंद करणे म्हणजे दुकानाच्या गल्ल्याची वहीच बंद करणे. ‘मोठा लॉग सर्व्हर मंद करतो’ हा आक्षेप तर एका जुन्या काळातून उरलेला आहे. सर्व्हर २००३ मध्ये इव्हेंट लॉग मेमरीत बांधलेले असत आणि सगळे मिळून तीनशे एमबीच्या आसपास अडचण सुरू होई. सर्व्हर २००८ पासून लॉगची घडणच बदलली आणि ती अडचण गेली. एक जीबीचा सिक्युरिटी लॉग आजच्या सर्व्हरला जड नाही.

राहिला प्रश्न करायचे काय याचा. ड्राइव्ह भरलेलाच असेल तर पहिले काम मोजणीचे: फोल्डर आकारानुसार लावून पाहिले की खाणारा पाच मिनिटांत सापडतो. तो इव्हेंट लॉगचा फोल्डर निघाला, तर बहुतेक वेळा कारण एकच असते. लॉगच्या गुणधर्मांत ‘भरल्यावर जतन करा, पुसू नका’ हा पर्याय कुणीतरी निवडलेला असतो. मग लॉग भरला की त्याची ‘अर्काइव्ह-सिक्युरिटी’ आणि तारीख अशा नावाची प्रत त्याच फोल्डरात पडते, आणि अशा प्रतींना कोणतीही मर्यादा नसते. पर्याय निवडणाऱ्याचा हेतू चांगला होता. प्रती तिथून हलवण्याची व्यवस्था करायची राहिली. या प्रती दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या यंत्रावर नेल्या की जागा होते आणि एकही नोंद जात नाही. त्याच खिडकीतला तिसरा पर्याय, ‘पुसू नका, हाताने रिकामा करा’, टाळलेला बरा. तो निवडला की लॉग भरल्यावर नव्या नोंदी पडतच नाहीत. त्यातच ‘नोंद करता आली नाही तर यंत्र बंद करा’ हे सुरक्षा धोरण चालू असेल, तर सर्व्हर थांबतो आणि नंतर फक्त प्रशासकालाच आत घेतो.

नोंदी किती दिवस ठेवायच्या, हे भारतात केवळ मर्जीवर सोडलेले नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०बी खाली दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, बॉडी कॉर्पोरेट आणि सरकारी संस्थांनी आपल्या सर्व यंत्रणांचे लॉग चालू १८० दिवसांचे सुरक्षित ठेवायचे आहेत, आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत. यंत्रांची घड्याळे प्रमाण वेळेशी जुळवलेली असावीत, हेही त्यातच आहे, आणि ते रास्त आहे. दोन सर्व्हरांच्या घड्याळांत सात मिनिटांचा फरक असेल तर दोघांच्या नोंदी जुळवून घटनाक्रम लावणे अशक्य होते. रविवारची बॅच फाइल १८० दिवसांऐवजी सात दिवसांचा इतिहास ठेवते.

१८० दिवसांचे ओझे तरी किती? ३३८९ पोर्ट इंटरनेटवरून काढून व्हीपीएन किंवा गेटवेच्या मागे ठेवले, चुकीच्या पासवर्डांवर खाते काही वेळ बंद होण्याची मर्यादा लावली, ५१५६ सारखा गोंगाट थांबवला, की एका मध्यम कार्यालयाचा सिक्युरिटी लॉग दिवसाला २० एमबी जरी धरला तरी १८० दिवसांचे ३,६०० एमबी होतात. इव्हेंट लॉगच्या फायली दाबल्यावर चांगल्याच आक्रसतात; दशांश उरला असे धरले तर ३६० एमबी. सहा महिन्यांचा पुरावा साध्या पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात राहतो. पेनड्राइव्हवर तो ठेवावा असे नाही. त्याची खरी जागा दुसऱ्या यंत्रावर आहे, कारण सर्व्हरवर ताबा मिळवणारा तिथलेच लॉग पुसू शकतो. विंडोजमध्ये इव्हेंट दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याची सोय अंगभूत आहे, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. मुख्य सर्व्हरवर सिक्युरिटी लॉगची मर्यादा एक जीबी करावी आणि सेशन लॉगची किमान पन्नास एमबी. सी ड्राइव्ह लहानच असेल तर लॉगची जागा गुणधर्मांतून डी ड्राइव्हवर नेता येते. तेव्हा नव्या फोल्डरावर इव्हेंट लॉग सेवेला लिहिण्याचा हक्क द्यायला विसरू नये, नाहीतर लॉग गुपचूप बंद पडतो. आयआयएसच्या फायलींना मात्र खुशाल वयाची अट लावावी: १८० दिवसांहून जुन्या, आधी प्रत घेतलेल्या, तेवढ्याच पुसाव्यात. तुटलेली सेशन काही तासांनी आपोआप संपवण्याची मर्यादाही धोरणात असते. ती लावली की युजर्सच्या प्रोफाइलमधली रात्रीची वाढ थांबते. ती लावण्याआधी माणसांना सांगून ठेवावे, कारण उघडी ठेवलेली एक्सेलची फाइल तिच्यात जाते.

लिनक्सवर रिमोट डेस्कटॉपसाठी एक्सआरडीपी चालवणाऱ्यांची स्थिती तपशिलात वेगळी आहे, पण घाई तीच. तिथे वाढलेली लॉग फाइल ‘आरएम’ने पुसली आणि लिहिणारा प्रोग्रॅम ती धरूनच बसला असेल, तर नाव जाते पण जागा सुटत नाही. ‘डीएफ’ भरलेली डिस्क दाखवतो, ‘डीयू’ला फाइल सापडत नाही, आणि प्रशासक दोन आकड्यांमधला फरक शोधत राहतो. ‘एलएसओएफ’ अशा बिननावाच्या उघड्या फायली दाखवतो. तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की जागा सुटते. ‘लॉगरोटेट’ हे सगळे शिस्तीने करतो: जुनी फाइल बाजूला, नवी चालू, प्रोग्रॅमला कल्पना, ठरल्या संख्येपलीकडची जुनी बाद. सिस्टिमडीचा जर्नल तर मुळातच फाइलसिस्टिमच्या दहा टक्क्यांवर आणि जास्तीत जास्त चार जीबीवर थांबतो. या दोघांच्याही नजरेबाहेर राहते ती प्रत्येक युजरच्या घरच्या फोल्डरात लपलेली ‘एक्ससेशन-एरर्स’ ही फाइल. ती सेशन सुरू होताना उघडते आणि संपेपर्यंत उघडी राहते. महिनाभर न संपलेल्या एका सेशनमध्ये एखादा प्रोग्रॅम सेकंदाला दहा वेळा तोच इशारा लिहीत असेल, तर एकट्या माणसाची ही फाइल सगळ्यांचा सर्व्हर अडवते. ती रिकामी करण्याआधी तिच्या शेवटच्या वीस ओळी पाहाव्यात; अडवणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव बहुधा त्यांतच असते, आणि तो प्रोग्रॅम दुरुस्त केला किंवा काढला की पुढच्या आठवड्यात ती फाइल पुन्हा उघडून पाहण्याची वेळ येत नाही.